शुक्रवारच्या मैदानावरचा सतरा नंबर

सिॲटलचा सामना संपला तेव्हा इकडे अलाबामात, आमच्या मोबील शहरात, दिवे लागून बराच वेळ झाला होता. एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची सगळ्यांत मोठी व्यावसायिक लीग; तिच्यातले इंडियानापोलिस कोल्ट्स १८-१६ असे हरले. शेवटच्या मिनिटात त्यांनी एका गुणाची आघाडी घेतली होती, आणि घड्याळात १८ सेकंद उरले असताना सिॲटलच्या जेसन मायर्सने ५६ यार्डांवरून चेंडू दोन खांबांमधून पार केला. कुकरची शिट्टी झाली म्हणून मी उठले, गॅस बारीक करून परत आले, तर पडद्यावर कोल्ट्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा खेळाडू, फिलिप रिव्हर्स मायक्रोफोनसमोर उभा. तारीख १४ डिसेंबर २०२५. सहाच दिवसांपूर्वी त्याला ४४ वर्षं पूर्ण झाली होती. दहा मुलांचा बाप, एका नातवाचा आजोबा, आणि आधीचा व्यावसायिक सामना खेळून १८०० दिवस उलटलेले. परत येण्याबद्दल बोलता बोलता तो आपल्या मुलांवर आला, मग शाळेत ज्यांना तो फुटबॉल शिकवतो त्या पोरांवर आला, आणि तिथे त्याचा आवाज अडकला. डोळे भरून आले. तो जे म्हणाला त्याचा आशय असा, की मनातली शंका खरीच असते, घरी बसून राहणं सगळ्यांत सुरक्षित असतं, पण आपले कोच घाबरले नाहीत एवढं त्या पोरांना वाटलं तर बरं. मी सोफ्यापाशी उभीच राहिले.

मनातून ते जाईना. खच्चून भरलेलं स्टेडियम, देशभर चाललेली चर्चा, हाताशी आलेला सामना निसटलेला, आणि या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं ते फेअरहोपच्या शाळेतल्या पोरांच्या आठवणीने.

ते मैदान माझ्या पाहण्यातलं आहे.

मोबीलहून फेअरहोपला जायचं तर खाडी ओलांडावी लागते. महामार्ग पाण्यावरून जातो; दोन्ही अंगांना करडं-तपकिरी पाणी, लाकडी खुंटांवर बसलेले पाणकोळी, आणि काच खाली केली तर चिखलाचा, मिठाचा, किंचित कुजलेल्या गवताचा वास. मी मालवणची. हा वास पहिल्यांदा आला तेव्हा गाडीत मी काही बोललेच नाही, नुसती बाहेर बघत बसले. पलीकडच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यातल्या एखाद्या पहाटे प्राणवायू कमी झालेलं पाणी काठाकडे सरकतं आणि त्याच्यापुढे पळत आलेले मासे, खेकडे, कोळंबी अगदी उथळात येऊन थांबतात. लोक झोपेतून उठून बादल्या, कंदील घेऊन धावतात, एकमेकांना फोन करतात. त्याला इथे ज्युबिली म्हणतात. फेअरहोप हे असं गाव आहे: जुने ओक, त्यांच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या राखाडी झिरमिळ्या, पेकनच्या बागा, लांबलचक धक्का, आणि गावात बऱ्यापैकी पैसा. तिथल्या सेंट मायकल कॅथलिक हायस्कूलची सुरुवातच मुळी २०१६ ची. माझा मुलगा त्याच्या शाळेच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो. बँड संघाबरोबर जातो, आणि बँडच्या मुलांच्या आया गणवेशांच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या घेऊन बँडबरोबर जातात. अशी मी एका शुक्रवारी त्या मैदानाच्या पायऱ्यांवर जाऊन बसले.

अलाबामात एनएफएलचा एकही संघ नाही. हे समजल्याशिवाय इथल्या शुक्रवारची रात्र समजत नाही. मुंबईत बसून वाटतं की अमेरिकेत खेळ म्हणजे सुपर बोलचा अंतिम सामना, झगमगाट, जाहिराती. इथे शनिवार कॉलेजांचा असतो (नव्या माणसाला ओळख होताच विचारतात, तुम्ही अलाबामाचे की ऑबर्नचे, आणि "कुणाचीच नाही" हे उत्तर चालत नाही), आणि शुक्रवार शाळांचा. ऑक्टोबर असूनही हवा दमट, दिव्यांच्या खांबांभोवती किड्यांची झुंबड, उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांचा वास, नुकतंच कापलेलं गवत. आमच्या मागे बसलेल्या आजींना दोन्ही संघांतल्या निम्म्या मुलांची नावं, त्यांच्या बापांची नावं, आणि बाप कोणत्या जागी खेळायचे तेही ठाऊक होतं. सामन्याआधी प्रार्थना झाली. आमच्या पोरांनी राष्ट्रगीत वाजवलं. आणि समोरच्या बाजूला, टोपी घातलेला, हातात डावांचा कागद घेतलेला, एक उंच माणूस सीमारेषेवर इकडून तिकडे चालत होता, वाकत होता, टाळ्या वाजवत होता, सतत काहीतरी ओरडत होता.

टीव्हीवर मी त्याला तसाच पाहिलेला. मैदानावर फिलिप रिव्हर्सची जीभ कधी थांबली नाही. समोरच्या संघाला डिवचायचा, पंचांशी वाद घालायचा, स्वतःच्या माणसांवर खेकसायचा, पण तोंडातून शिवी नाही. राग अगदी अनावर झाला की "डॅडगमिट!" या पलीकडे तो जायचा नाही. मी मान वर करून बघत होते ती एका गोष्टीसाठी: इतक्या मोठ्या मैदानांवर सोळा-सतरा वर्षं खेळून आलेला माणूस इथे थोडा तरी राखून वागतो का, हात थोडा सैल सोडतो का. तसं काही दिसलं नाही. चौथ्या, शेवटच्या प्रयत्नाला दोन यार्ड कमी पडले तर त्याचा चेहरा तसाच पडत होता, जसा मी सॅन डिएगोच्या सामन्यांत पडलेला पाहिला होता.

त्याचं मूळ शोधायचं तर अलाबामाच्या दुसऱ्या टोकाला, उत्तरेला जावं लागतं. डिकेटर, अथेन्स ही तिकडची गावं. त्याचे वडील स्टीव्ह रिव्हर्स हे शाळेच्या फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक. घरात जेवणाच्या टेबलावर जे बोलणं होणार ते शुक्रवारच्या सामन्याचं. पोरगा वडिलांच्या मागे मागे सरावाला जायचा, मोठ्या पोरांच्या पायात लुडबुडायचा, त्यांना पाणी द्यायचा. लहानग्या हातांत न मावणारा चेंडू फेकायला शिकला, म्हणून त्याची फेक आयुष्यभर तिरकी राहिली: हात खांद्यावरून येण्याऐवजी बाजूने, चेंडू फेकण्यापेक्षा ढकलल्यासारखा. जाणकारांनी नाकं मुरडली, पण चेंडू जायचा तिथे जायचा. पाचवीत असताना शाळेच्या एका पोस्टरसाठी त्याने मासिकाच्या मुखपृष्ठावरच्या खेळाडूच्या धडावर स्वतःचा चेहरा चिकटवला होता. पुढे अथेन्स हायस्कूलमध्ये तो वडिलांच्याच हाताखाली खेळला. वडील शाळेत खेळताना सतरा नंबर घालायचे म्हणून त्याने सतरा घेतला, आणि शेवटपर्यंत तोच ठेवला. हजारो लोक ज्या अंगरख्यांवर सतरा मिरवत बसायचे तो आकडा मुळात एका शाळामास्तराचा. मला हे फार आवडतं.

व्यावसायिक संघ दर वर्षी कॉलेजांतून नवे खेळाडू निवडतात; २००४ च्या त्या निवडीत तीन क्वार्टरबॅक गाजले. ईलाय मॅनिंगला सॅन डिएगो चार्जर्सने पहिलं घेतलं, त्याला तिथे जायचं नव्हतं. न्यूयॉर्कने चौथ्या क्रमांकावर रिव्हर्सला घेऊन अदलाबदल केली. अकराव्या क्रमांकावर पिट्सबर्गने बेन रॉथलिसबर्गर घेतला. मॅनिंगने दोन सुपर बोल जिंकले, रॉथलिसबर्गरने दोन जिंकले. सॅन डिएगोत रिव्हर्स ज्याच्या मागे दोन वर्षं बाकावर बसला त्या ड्रू ब्रीसनेही पुढे न्यू ऑर्लिन्सला जाऊन एक जिंकला. रिव्हर्स अंतिम सामन्यापर्यंत एकदाही पोचला नाही. त्याचं नाव निघालं की लोक हा हिशेब काढतात. मी काढते ती जानेवारी २००८ ची गोष्ट: गुडघ्यातला मुख्य स्नायुबंध तुटलेला, दुर्बिणीची शस्त्रक्रिया झालेली, आणि सहा दिवसांनी हा माणूस फॉक्सबरोच्या थंडीत, तोवर एकही सामना न हरलेल्या न्यू इंग्लंडसमोर पूर्ण सामना खेळला. २१-१२ असे हरले. २००६ पासून २०२० पर्यंत सलग २४० सामने, एकदाही त्याच्या जागी दुसऱ्याने सुरुवात केली नाही. संघ लॉस एंजेलिसला गेला तेव्हा मुलांच्या शाळा बदलायला नकोत म्हणून त्याने घर सॅन डिएगोतच ठेवलं. गाडीच्या मागच्या भागात मोठा पडदा बसवून घेतला आणि रोज शंभराहून जास्त किलोमीटर जाताना-येताना तो सामन्यांच्या चित्रफिती बघत बसायचा. रात्रीच्या जेवणाला घरी.

मे २०२० मध्येच सेंट मायकलने जाहीर केलं होतं की तो निवृत्त झाला की आमचा प्रशिक्षक होणार. त्या वर्षी कोल्ट्स त्याला एका हंगामाचे अडीच कोटी डॉलर देत होते. तेव्हा तो म्हणाला होता की लहानपणी त्याची दोन स्वप्नं होती: एक व्यावसायिक फुटबॉल खेळायचं, दुसरं वडिलांसारखं शाळेत शिकवायचं. ९ जानेवारी २०२१ ला बफेलोत कोल्ट्स २७-२४ असे हरले, थोड्याच दिवसांत त्याने निवृत्ती जाहीर केली, आणि त्याच वर्षीच्या हंगामात तो शाळेच्या मैदानावर होता.

लोक याला खाली उतरणं समजतात. आमच्या ओळखीच्यांतही एक-दोघांनी मला तसं बोलून दाखवलं: एवढा मोठा खेळाडू, टीव्हीवर समालोचन करायचं सोडून इथे कशाला? मला हा प्रश्नच कळत नाही. शाळेच्या प्रशिक्षकाचं काम मी बँडच्या बाजूने इतकी वर्षं बघतेय. जुलैच्या उन्हात सकाळी वजनं उचलायला येणारी पोरं मोजायची. कुणाला न्यायला कुणी आलेलं नाही, त्याच्याबरोबर पार्किंगमध्ये थांबायचं. गणितात नापास झालेल्याला सराव बंद करायचा आणि त्याच्या आईला तोंड द्यायचं. वीज कडाडली की सगळ्यांना आत न्यायचं, अर्धा तास घड्याळाकडे बघत बसायचं. आणि हे सगळं अशा मुलांसाठी, ज्यांच्यातली बहुतेक शेवटच्या वर्षानंतर पुन्हा कधी खांद्यावर पॅड चढवणार नाहीत. कुणी नर्स होईल, कुणी गोदीत वेल्डर, कुणी वकील. चौदा ते अठरा या वयात कोणीतरी त्यांच्याकडे पूर्ण लक्ष देऊन बघितलं, एवढं बरोबर नेतील. ज्याला मोठ्या खेळातलं सगळं मिळून झालंय, त्याने ते लक्ष या मुलांना द्यावं, यात उतरण कुठे आहे?

हे लिहितानाही माझ्या मनात एक गाठ आहेच. आमच्या मुलाला सातवीत फुटबॉल खेळायचं होतं. आम्ही नाही म्हणालो. डोक्याला बसणारे धक्के, जुन्या खेळाडूंच्या मेंदूंच्या तपासणीतून जे बाहेर आलं, चाळिशीत विसराळू आणि संतापी झालेली माणसं, त्यांच्या बायकांच्या मुलाखती, हे वाचून आम्हां दोघांची छाती झाली नाही. मुलगा दोन दिवस बोलला नाही, मग ट्रॉम्बोन घेऊन आला. आजही हेल्मेटवर हेल्मेट आदळल्याचा आवाज पायऱ्यांपर्यंत येतो तेव्हा माझे डोळे मिटतात. त्या दिवशी फेअरहोपला एक पोरगा उशिरा उठला, आणि सगळी पायरी गप्प झाली, मागच्या आजीसुद्धा. तो उठला, टाळ्या झाल्या. मला त्या खेळाचं प्रेम आहे, आणि माझं मूल मी त्यात घातलं नाही, या दोन्ही गोष्टी मी एकत्र बाळगून आहे. रिव्हर्सचा थोरला मुलगा त्याच शाळेत क्वार्टरबॅक आहे, बाप सीमारेषेवर. आपल्या पोराच्या अंगावर दोघे धावून येताना पुढचा डाव कोणता हे ठरवायचं, म्हणजे काय होत असेल त्या माणसाच्या पोटात? त्याच्या वडिलांनीही तेच केलं होतं.

कोल्ट्सकडून डिसेंबरमधली हाक आली ती याच सगळ्यामधून. कोल्ट्सचा क्वार्टरबॅक डॅनियल जोन्स ७ डिसेंबरला जॅक्सनव्हिलमध्ये टाचेची शीर तुटून कोसळला. मुख्य प्रशिक्षक शेन स्टाइकन एके काळी चार्जर्सकडे रिव्हर्सबरोबर होता. दोघांचा संपर्क तुटला नव्हता. आणि माझ्या मते या गोष्टीचा गाभा इथे आहे: ज्या पद्धतीने कोल्ट्स खेळतात, तीच पद्धत, तेच डाव, रिव्हर्स सेंट मायकलच्या पोरांना शिकवत होता. वर्तमानपत्रांनी लिहिलं की पाच वर्षं खेळापासून दूर असलेला म्हातारा परत आला. शरीराच्या बाबतीत ते बरोबर होतं. पोट सुटलं होतं, पाय जड झाले होते, फेकीतला जोर गेला होता. सिॲटलला त्याने २७ पैकी १८ फेकी पुऱ्या केल्या आणि यार्ड मिळवले फक्त १२०. पण समोरचा बचाव वाचणं, चेंडू हातात येण्याआधी दहा माणसांना जागच्या जागी हलवणं, हे त्याला एका आठवड्यात परत शिकावं लागलं नाही. ते तो रोज दुपारी शाळा सुटल्यावर पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना समजावून सांगत होता. ज्याला हात कुठे ठेवायचा तेही कळत नाही अशा पोराला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगताना ती आपल्यालाच पक्की होते. शिकवणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असतं. माझी आई मालवणात संस्कृत शिकवायची. सत्तरीत तिला औषधाची वेळ आठवेना, पण शब्दरूपं विचारली की अडखळायची नाही.

काही आठवड्यांपूर्वीच सेंट मायकलने राज्य स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली होती. म्हणजे नोव्हेंबरपर्यंत तो शुक्रवारच्या दिव्यांखाली पोरांना ओरडून सांगत होता, आणि डिसेंबरात स्वतः त्या हेल्मेटमध्ये शिरला. ते पोरगे टीव्हीसमोर बसून काय बघत असतील! डावाचं जे नाव त्यांनी सरावाच्या चिखलात ऐकलं, तेच नाव घेऊन कोचने सिॲटलच्या बचावासमोर हात वर केला. मला वाटतं, मायक्रोफोनसमोर त्याचा आवाज अडकला तो हेच डोळ्यांपुढे येऊन. घाबरायचं नाही ही अवघड गोष्ट पोरांना वर्षानुवर्षं सांगत आलेल्या माणसावर, ती करून दाखवायची वेळ खरोखर आली होती, आणि त्याने मागे पाऊल घेतलं नव्हतं.

पुढे चमत्कार झाला नाही. सॅन फ्रान्सिस्कोसमोर तो चांगला खेळला, २७७ यार्ड फेकले, तरी ४८ गुण खाऊन संघ हरला. जॅक्सनव्हिलसमोरही हरले. तीन सामने, तीन पराभव. शेवटच्या सामन्यात तरुण मुलाला संधी दिली गेली, आणि हंगाम ८-२ (आठ विजय, दोन पराभव) अशा दिमाखाने सुरू केलेले कोल्ट्स ८-९ वर थांबले. सिॲटलने मात्र फेब्रुवारीत सुपर बोलच जिंकला, तेव्हा त्या १८-१६ कडे मी पुन्हा एकदा आदराने पाहिलं. शिवाय हॉल ऑफ फेमचं, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीचं; तिथे निवृत्तीनंतर पाच वर्षांनीच निवड होते. निवृत्तीनंतर पाच वर्षं पूर्ण होत आली होती, २०२६ साठीच्या यादीत उपांत्य टप्प्यापर्यंत त्याचं नाव होतं. संघात परतल्यामुळे ती पाच वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायची. म्हणजे २०३१. माझे यजमान म्हणाले, तीन हरलेल्या सामन्यांसाठी एवढं सोडायचं? ते हिशेबाने बोलत होते आणि हिशेब बरोबरच होता. मला त्यांच्याशी वाद घालायचा नव्हता, पण मला त्या तीन सामन्यांबद्दल हळहळ वाटत नव्हती. वाटत होतं ते एवढंच, की त्याला कुणी जोरात पाडू नये. प्रत्येक वेळी तो पडला की तो उठेपर्यंत मी मोजत होते.

जानेवारीत आणखी एक बातमी आली, आणि डिसेंबरच्या गडबडीत ती फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही. बफेलो बिल्सनी, ज्यांच्या मैदानावर त्याची पहिली कारकीर्द संपली होती त्यांनी, मुख्य प्रशिक्षकपदासाठी त्याची मुलाखत घेतली. ज्याने शाळेबाहेर एक दिवसही प्रशिक्षकाचं काम केलेलं नाही अशा माणसाची. देशात अशी फक्त ३२ पदं आहेत. तो बोलणी करून आला, आणि मग त्याने आपलं नाव मागे घेतलं. त्याचा थोरला मुलगा येत्या हंगामात शाळेच्या शेवटच्या वर्षात असेल. ऑगस्टमध्ये सराव सुरू होईल तेव्हा फेअरहोपला दुपारी पारा पस्तिशीपर्यंत असतो, गवतावर पाय ठेववत नाही, पाण्याच्या टाक्या दर अर्ध्या तासाला भराव्या लागतात. आमच्या मुलाच्या बँडचाही सराव त्याच आठवड्यात सुरू होतो.